तापाच्या रकान्यातली बाळंतीण

विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य प्रांतातल्या एखाद्या खेड्यात माणूस मेला, तर त्याची सरकारदरबारी नोंद कशी होत असे, हे आधी पाहू. गावचा कोतवाल ठरलेल्या दिवशी ठाण्यावर जाई आणि मधल्या दिवसांत गावात कोण जन्मले, कोण मेले, ते तोंडी सांगे. ठाण्यावरचा लिहिणारा ते तक्त्यात उतरवून घेई. तक्त्याचे रकाने मोजके होते : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, इजा, आणि उरलेले सगळे ‘इतर’. इजेच्या रकान्यात आत्महत्या, जखमा, सर्पदंश आणि हिंस्र श्वापदांचे हल्ले यांचा समावेश असे. चांदा जिल्हा जंगलाचा. वाघाने किंवा सापाने किती माणसे मारली, याचे आकडे सरकार दरवर्षी वेगळे काढी, आणि नरभक्षक वाघ मारणाऱ्याला बक्षीसही देई.

बाळंतपणात मेलेल्या बाईसाठी या गावतक्त्यात रकाना नव्हता.

ही केवळ कारकुनी त्रुटी होती असे म्हणून पुढे जाता येईल. पण साहित्याच्या अभ्यासकाला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही : ज्या गोष्टीला नाव नाही तिच्याविषयी बोलता येत नाही, आणि जिच्याविषयी बोलता येत नाही तिच्यासाठी काही करताही येत नाही. चांदा जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचा माता-आरोग्याचा इतिहास लिहायचा, तर तो या नसलेल्या रकान्यापासूनच लिहावा लागतो.

रकाना नव्हता, मग ती बाई गेली कुठे? बहुतेक वेळा तापात. प्रसूतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरतो, पोट दुखू लागते, बाई बरळू लागते आणि आठवडाभरात जाते. आयुर्वेदाने याला सूतिकारोगात जागा दिली आणि घरोघरी त्याला बाळंतरोग म्हणत. कोतवालाला विचारले जाई ते एवढेच : कशाने मेली? तो सांगे, ताप आला होता. यात खोटे काहीच नव्हते. प्रांताच्या वार्षिक आरोग्य अहवालांत सर्वाधिक मृत्यू नेहमी तापाचेच असत. त्या एका शब्दात हिवताप होता, विषमज्वर होता, क्षय होता, आणि १९१८ साली इन्फ्लुएन्झाच्या साथीने मध्य प्रांत होरपळला तेव्हा तिचे बहुतेक बळीही त्याच रकान्यात जाऊन पडले. गरोदर बायकांना ती साथ विशेष घातक ठरते, हे वैद्यकाला जगभरच्या अनुभवावरून कळले. चांद्याच्या तक्त्यात मात्र गरोदर आणि बिनगरोदर असा भेदच नव्हता. रक्तस्राव होऊन तासाभरात गेलेली बाई ‘इतर’मध्ये जाई. अडलेली बाई दोन-तीन दिवस कळा देऊन मेली, तर तीही तिथेच.

सरकार कोणते मृत्यू मोजत होते, याला एक तर्क होता. पटकी आणि प्लेग पसरतात. छावणीत शिरतात, बाजार बंद पाडतात, यात्रा उधळतात. बाळंतपण पसरत नाही. ते एका घरात, एका अंधाऱ्या खोलीत घडते आणि तिथेच संपते. सार्वजनिक आरोग्याची त्या काळची कल्पना मुख्यतः साथीच्या रोगांवर उभी होती, आणि जो मृत्यू एकटा येतो तो तिच्या नजरेच्या टप्प्यात बसत नव्हता.

या नोंदव्यवस्थेतली आणखी एक बाब विचार करण्याजोगी आहे. अनेक गावांत कोतवाल बहुधा महार समाजातला असे. आणि बाळंतपण हा विटाळ मानला गेल्यामुळे नाळ कापणे, वार पुरणे, बाळंतिणीचे कपडे धुणे ही कामेही पुष्कळ ठिकाणी अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या बायकांकडेच असत. म्हणजे गावातल्या मृत्यूची वर्दी देणारा पुरुष आणि जन्माला हात लावणारी बाई, दोघेही गावकुसाबाहेरचे. बाळंतीण नेमकी कशाने गेली, हे गावात सर्वांत चांगले ठाऊक असे ते दाईला. पण तिला कोणी विचारले नाही; आणि ज्याला विचारले, त्याला त्या खोलीत प्रवेश नव्हता.

सरकारच्या तक्त्याने जी नोंद ठेवली नाही, ती लोकभाषेने ठेवली होती. मात्र तिने ती भीतीच्या खात्यात मांडली. मराठी भूतसृष्टीत बायकांच्या भुतांचे जे वर्गीकरण आहे, ते जवळजवळ मृत्यूच्या कारणांचे वर्गीकरण आहे. बाळंतपणात किंवा विटाळात मेलेली ती अळवंतीण. बाळंतपणानंतर दहा दिवसांच्या आत गेलेली ती हडळ. संसाराची इच्छा अपुरी राहिलेली सवाष्ण ती जखीण. विदर्भात आणि त्यापलीकडच्या हिंदी मुलखात चुडेल. एन्थोवेनने १९२४ साली मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुतींचे जे संकलन प्रसिद्ध केले त्यात ही नावे भेटतात. आणि रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातिजमातींचे चार खंड काढले, त्यांतही बाळंतपणात मेलेल्या बाईच्या भुताची धास्ती डोकावते.

दहा दिवसांची मर्यादा पाहण्यासारखी आहे. प्रसूतीनंतरचा जंतुसंसर्गाचा ताप बहुधा याच मुदतीत उद्भवतो आणि याच मुदतीत जीव घेतो. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते, ती रात्र जागून काढायची, हा आचारही त्याच धोक्याच्या दिवसांभोवती रचलेला आहे. नवजात अर्भकाचा धनुर्वातही साधारण त्याच सुमारास उफाळतो. ज्यांनी हे आचार घडवले त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, पण मृत्यू कोणत्या दिवशी दार ठोठावतो याची त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख होती. त्या अर्थाने अळवंतीण आणि हडळ हे शब्द म्हणजे लोकांनी मौखिक परंपरेत ठेवलेली मृत्युनोंदच होय.

अशा बाईची प्रेतयात्रा निघाली की वाटेवर राळे किंवा मोहरी टाकण्याची रीतही नोंदलेली आढळते. समजूत अशी की, परत घरी यायचे तर भुताला तो दाणा न् दाणा वेचावा लागतो, आणि तोवर पहाट होते. मेलेल्या बाईला मोजत बसवायचे, म्हणजे जिवंतांना निर्धास्त राहता येते. तिला मोजणारे कोणी नव्हते, एवढेच. भुताच्या या कल्पनेत तिच्यावर अन्याय झाल्याची अस्फुट जाणीव आहे. ती भुकेली आहे, अतृप्त आहे, आपल्या मुलासाठी परत येते. पण त्या जाणिवेतून प्रश्न उभा राहत नाही, बंदोबस्त उभा राहतो.

प्रश्न उभा राहिला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तोही एका विशिष्ट दिशेने. १८८५ साली हिंदी स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची मदत मिळावी म्हणून डफरिन फंड निघाला. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात पदवीसाठी प्रबंध लिहिला, तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. विषयाची निवड त्या दुःखापासून वेगळी करणे अवघड आहे. १९०३ साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया स्मृती शिष्यवृत्ती निधी उभा राहिला, तो देशी दायांना शिकवण्यासाठी. पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली परिचारिका आणि सुइणी तयार करण्याचे काम हाती घेतले. मध्य प्रांतात नागपूरला डफरिन रुग्णालय होते, स्कॉटिश मिशनचे म्यूर मेमोरियल होते.

या सगळ्या प्रयत्नांचा रोख एकाच व्यक्तीवर होता : दाई. तिचे हात मळके, तिची विळी गंजलेली, तिची समजूत आंधळी. अहवालामागून अहवाल हेच सांगत राहिले. यात तथ्य नव्हते असे कोण म्हणेल? हात न धुता केलेली तपासणी जीव घेते, हे शास्त्र आहे. पण हे शास्त्र सिद्ध झाले ते दायांच्या झोपडीत नव्हे. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरच्या लक्षात आले की, डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी ज्या विभागात काम करतात तिथे बाळंतिणी मोठ्या संख्येने मरतात, आणि सुइणींच्या विभागात त्या मानाने पुष्कळ कमी. शवविच्छेदन करून आलेले हात तसेच बाळंतिणीला लागत होते. क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावल्यावर मृत्यू झपाट्याने घटले. म्हणजे युरोपात जो दोष आधी विद्वान डॉक्टरांच्या हातांत सापडला, तो हिंदुस्थानात अडाणी दाईच्या हातांत पाहण्याची सवय लागली. दोष तिच्या हाती होताच. पण सगळा दोष तिच्या हाती देणे सोयीचे होते. दाई बदलली की प्रश्न सुटतो असे मानले, तर बाईच्या ताटात काय आहे, ती आठव्या महिन्यात किती ओझे उचलते, तिच्या रक्तात काय उरले आहे, हे प्रश्न विचारावे लागत नाहीत.

शिवाय दाईला शिकवायचे ते नागपुरात. आणि बाई अडायची ती भामरागडच्या रानात. नागपूरहून चांदा शंभर मैलांच्या आसपास, आणि चांद्याहून भामरागड त्याहूनही लांब. मध्ये वैनगंगा, इंद्रावती, पर्लकोटा. अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांच्या विस्तीर्ण मुलखात पावसाळ्याचे चार महिने वाटच बंद होई. या मुलखातल्या माडिया आणि गोंड स्त्रियांचे विटाळाचे दिवस गावाबाहेरच्या कुर्माघरात जात. आपल्याकडच्या सुधारकांना ज्या बाळंतिणीच्या खोलीत उजेड न्यायचा होता, ती बहुधा शहरी उच्चवर्णीय घरातली माजघराआडची खोली होती. रानातली खोली त्यांच्या कल्पनेत फारशी आलीच नाही.

याच काळात वैद्यकाची नजर प्रसूतीच्या क्षणावरून आधीच्या नऊ महिन्यांकडे वळत होती. एडिंबरोच्या प्रसूतिगृहात जॉन बॅलंटाइन यांनी १९०१ साली गरोदर बाईसाठी, म्हणजे अजून कळा सुरू न झालेल्या बाईसाठी, एक खाट राखून ठेवायला लावली. आज ही गोष्ट किरकोळ वाटते. पण रुग्णालयात रोगी नसलेल्या बाईला जागा द्यायची, ही कल्पनाच नवी होती. १९१५ साली तिथे गरोदर स्त्रियांच्या तपासणीचे केंद्र निघाले. वजन, लघवी, रक्तदाब, बाळाची स्थिती. प्रसूतिपूर्व तपासणीचा जो साचा आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दिसतो, त्याची मुळे तिथे आहेत. १९२९ साली ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने या तपासण्यांचे वेळापत्रकही आखून दिले.

आपल्याकडे डोहाळे, चोरओटी, सातव्या महिन्यातले डोहाळजेवण यांच्या रूपाने गरोदरपणाकडे लक्ष देण्याची परंपरा होती, हे इथे कोणी आठवण करून देईल. खरेच आहे. दोन जिवांच्या बाईला हवे ते खाऊ घालावे, हा त्या परंपरेचा गाभा उदार आहे. पण ती परंपरा घरातल्या कणगीवर अवलंबून होती. ज्या घरात पावसाळ्यात धान्यच संपते, तिथे डोहाळे पुरवायचे कशातून? आणि त्याच परंपरेच्या पोटात दुसरा एक सल्लाही वावरत होता : शेवटच्या महिन्यांत कमी खा, मूल मोठे झाले तर बाई अडेल. जिथे अडलेल्या बाईला वाचवायचा कोणताच उपाय हाताशी नाही, तिथे हा सल्ला मूर्खपणाचा म्हणता येत नाही. उपासमार आणि अडलेले बाळंतपण यांतून एक निवडण्याची पाळी ज्या बायकांवर आली, त्यांचे ते हिशेबी शहाणपण होते.

ब्रिटनच्या अनुभवातला एक तपशील मात्र नीट ध्यानात घ्यायला हवा. तपासणी केंद्रे वाढत गेली, तरी तिथला मातामृत्यूचा दर १९३५ च्या सुमारापर्यंत फारसा हलला नाही. तो खाली येऊ लागला तो सल्फा औषधे आल्यानंतर. पुढे रक्त देण्याची सोय, पेनिसिलिन आणि सुधारलेली प्रसूतिसेवा यांनी तो कोसळला. आयर्विन लाउडन या इतिहासकाराने हे सविस्तर मांडले आहे. तपासणी धोका दाखवते. धोका टाळायला औषध, रक्त, शस्त्रक्रिया आणि तिथवर नेणारा रस्ता लागतो. नुसत्या तपासणीवर विसंबणे ही नुसत्या दाईला दोष देण्याचीच सुधारलेली आवृत्ती ठरू शकते.

महाराष्ट्रात हा विषय खऱ्या अर्थाने उघडला तो मुंबईत, आणि त्याच्या केंद्रस्थानी कोकण-घाटावरून आलेल्या गिरणी कामगार बायका होत्या. १९२१ साली मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरची नेमणूक कामकरी स्त्रियांच्या बाळंतपणाआधीच्या आणि नंतरच्या परिस्थितीची पाहणी करण्यासाठी केली. आई गिरणीत असताना मूल निजून राहावे म्हणून अफूची बाळागोळी देण्याची चाल किती सर्रास आहे, हे त्यांच्या पाहणीने समोर आणले. पुढे हाफकिन संस्थेत डॉ. मार्गारेट बॅल्फर यांनी गरोदर स्त्रियांच्या मृत्यूंच्या कारणांचा शोध सुरू केला. गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणावरचा त्यांचा आणि शकुंतला तळपदे यांचा अभ्यास १९३० साली प्रसिद्ध झाला. इथे प्रश्नाचा रोख बदललेला दिसतो. दाईचे हात काय करतात, यासोबत आता आईचे काम आणि आईचे रक्त काय सांगते, हे विचारले जाऊ लागले.

बॅल्फर यांच्यामुळेच १९२८ साली डॉ. लुसी विल्स मुंबईत आल्या. गरीब वस्त्यांतल्या गरोदर बायकांमध्ये एक घातक रक्तक्षय आढळत होता. त्यात तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या होत. हा जंतूंचा रोग असावा, असा एक तर्क होता. विल्स यांनी जंतू शोधले आणि बायकांचे जेवणही शोधले. कोणत्या वस्तीतली बाई काय खाते, तिला भाजी-फळे मिळतात का, हे तपासले. शेवटी यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइट नावाच्या अगदी साध्या, स्वस्त बाजारी पदार्थाने, या बायका बऱ्या होतात, असे त्यांना दिसले. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कात नेमके काय होते, हे ठरायला आणखी दहा वर्षे लागली. १९४१ साली ते द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळे केले गेले, आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फोलिक अॅसिड म्हटले गेले. जगभरच्या गरोदर बायका आज जी गोळी घेतात, तिचा उगम असा मुंबईच्या गरीब बायकांच्या रक्तात आहे.

या मालिकेतले चौथे नाव डॉ. जेरुशा झिराड यांचे. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातल्या या डॉक्टरने १९१९ साली लंडन विद्यापीठाची प्रसूतिशास्त्रातली एम.डी. मिळवली आणि १९२८ पासून कामा रुग्णालयाची सूत्रे सांभाळली. मुंबई शहरातल्या मातामृत्यूंच्या कारणांवरचा त्यांचा चौकशी-अहवाल १९४१ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणातला मृत्यू हा नशिबाचा भाग न मानता ज्याची कारणे एकेक करून विचारता येतात अशी घटना मानणे, हे त्या अहवालाचे सर्वांत मोठे योगदान. हडळीला जे मिळाले नव्हते ते मुंबईतल्या मेलेल्या बाळंतिणींना मिळाले : कारण.

कायदाही याच वर्षांतला. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका घेतली. बाळंतपण ही खाजगी आपत्ती नाही, तिचा भार सार्वजनिक आहे, हा विचार मराठी मुलखात इतक्या स्वच्छपणे आधी क्वचितच मांडला गेला असेल. १९२९ साली मुंबईचा कायदा झाला. १९३० साली मध्य प्रांतानेही तसा कायदा केला.

पण मध्य प्रांताचा कायदा कारखान्यांतल्या बायकांसाठी होता. त्याचा लाभ नागपूरच्या गिरणीतल्या बाईला मिळू शके. चांद्यात कारखाने किती? बल्लारपूरच्या परिसरात कोळशाच्या खाणी होत्या, आणि खाणीतल्या बायकांसाठी वेगळा प्रसूती लाभ कायदा यायला १९४१ साल उजाडले. जमिनीखाली बायकांनी काम करण्यावर १९३७ पासून पूर्ण बंदी होती. युद्धासाठी कोळसा हवा म्हणून १९४३ मध्ये ती उठवली गेली आणि १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. युद्धाला कोळशाची गरज पडली की गरोदर बाईचे आरोग्य किती पटकन मागे पडते, याचा हा दाखला आहे. आणि जी बाई खाणीतही नव्हती, गिरणीतही नव्हती, तिचे काय? जी बांधीत कमरेत वाकून रोवणा करत होती, जी उन्हाळ्यात पहाटे मोह वेचायला आणि तेंदूची पाने तोडायला जात होती, तिला मालक नव्हता, हजेरीपट नव्हता, म्हणून कायद्यालेखी ती कामकरी बाईच नव्हती. ठाण्यावरच्या तक्त्यात तिच्या मृत्यूला रकाना नव्हता. आता तिच्या श्रमालाही रकाना सापडला नाही.

१९४६ साली भोर समितीने स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशाच्या आरोग्याचा ताळेबंद मांडला. दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे वीस मातामृत्यू, म्हणजे वर्षाला सुमारे दोन लाख, असा अंदाज त्यात होता. अंदाजच तो, कारण मोजदाद नव्हतीच. त्या दोन लाखांत चांद्याच्या किती, याला उत्तर नाही.

या रानातल्या बाळंतिणीच्या रक्तात विल्स यांना सापडलेल्या कमतरतेखेरीज आणखीही काही होते. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या लोकांमधल्या सिकलसेलच्या दोषाविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. आज विदर्भाच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत, आदिवासी आणि दलित समाजांत, हा आनुवंशिक आजार किती पसरलेला आहे हे सर्वज्ञात आहे. सिकलसेल असलेल्या बाईला गरोदरपण अधिक धोक्याचे असते. त्यात भर हिवतापाची. राज्यातल्या हिवतापाचा मोठा वाटा आजही गडचिरोलीचा असतो. १९१० साली ठाण्यावरच्या लिहिणाऱ्याने ‘ताप’ असे लिहिले, तेव्हा त्या दोन अक्षरांत प्रसूतीचा जंतुसंसर्ग, हिवताप, सिकलसेलची कळ आणि उपासमार हे सगळे एकाच वेळी असू शकत होते.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. त्याआधी १९७३ साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला होता. १९८५ साली डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. त्यांच्या कामाची कहाणी मराठी वाचकाला परिचित आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही. इथे मुद्दा मोजण्याचा आहे. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी होती, ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. त्यांतल्या जेमतेम आठ टक्के बायकांनी त्याआधी कधी तपासणी करून घेतली होती. पुढे १९९५-९६ मध्ये ३९ गावांत ७७२ बायकांची बाळंतपणे आणि त्यानंतरचे दिवस गावातल्याच प्रशिक्षित बायकांनी घरी जाऊन पाहिले, नोंदवले. निम्म्याहून अधिक बायकांना काही ना काही आजार झाला होता. बाळंतपणाच्या वेळी १७.७ टक्के, आणि नंतरच्या दिवसांत ४२.९ टक्के. म्हणजे धोका मुख्यतः बाळंतपण ‘आटोपल्या’नंतरचा. पाचवी जागवणाऱ्या बायकांना हे माहीत होते. फरक इतकाच की, या वेळी ते जाणणाऱ्या बायकांच्या हाती कागद होता.

शतकाच्या आरंभी जी बाई त्या खोलीत होती तिला कोणी विचारले नाही, असे वर म्हटले. शतकाच्या अखेरीस त्याच जिल्ह्यात गावातल्या बाईला विचारले गेले. किंबहुना तिलाच विचारायला शिकवले गेले. आशा कार्यकर्ती ही आजची ओळखीची व्यक्ती २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानंतर गावोगाव आली. गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांत आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ नावाची व्यवस्था आहे. दिवस भरत आलेल्या बाईने पूर येऊन वाट बंद होण्याआधी तिथे येऊन राहावे, ही कल्पना. सरकारी योजनांची नावे सहसा लक्षात राहत नाहीत. हे नाव राहते. पहिलटकरणीने माहेरी जावे ही मराठी रीत रस्ता, नदी आणि रक्तपेढी यांच्या भाषेत पुन्हा मांडलेली त्यात दिसते. आणि २०१० पासून प्रत्येक मातामृत्यूची चौकशी व्हावी, घरी जाऊन विचारपूस व्हावी, असा दंडक देशभर आला. झिराड यांनी एका शहरात केले ते प्रत्येक जिल्ह्याने करायचे आहे. रकाना अखेर आला.

२०१८ ते २०२० या काळासाठी महाराष्ट्राचे मातामृत्यूचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, देशाचे ९७. भोर समितीच्या अंदाजाशी तुलना केली, तर दर हजारी वीसावरून, म्हणजे लाखामागे दोन हजारांवरून, हे अंतर एका शतकापेक्षा कमी काळात कापले गेले. हे यश खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण ३३ हा आकडा राज्याचा आहे. त्यात मुंबई-पुण्याची बाळंतपणे आहेत आणि भामरागड-एटापल्लीचीही आहेत, आणि पहिल्यांची संख्या इतकी मोठी आहे की दुसऱ्यांचे मृत्यू त्यात विरून जातात. शंभर वर्षांपूर्वी ‘ताप’ या शब्दाने जे केले, ते आज सरासरी करू शकते.

म्हणून हा इतिहास वैद्यकाच्या विद्यार्थ्यांइतकाच साहित्याच्या विद्यार्थ्यांचाही आहे. आपण वर्षानुवर्षे कथा-कवितांतल्या मौनाचा अर्थ लावायला शिकवतो. ठाण्यावरच्या तक्त्यातले मौनही वाचता यायला हवे. आणि हडळीची गोष्ट वर्गात निघाली, तर ती अंधश्रद्धेचा नमुना म्हणून बाजूला सारण्याआधी एवढे विचारावे की, ही बाई कोणत्या दिवशी मेली, तिला ताप होता का, आणि त्या दिवसांत नदीला पूर होता का.